शॉटची वही

आमचा अकरा मिनिटांचा अहिराणी लघुपट 2025 च्या मार्चअखेर पुरा झाला. तेव्हापासून ओळखीचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. कोणता घेतला, केवढ्याला पडला. कॅमेरा भाड्याचा होता आणि त्याने फार काही छळलं नाही. छळलं ते चौकटीने. चौकटीत जे जे येतं, मग ते लेकरू असो, बैल असो की एसटीची लाल गाडी, त्याच्यासाठी कुणाला तरी विचारावं लागतं. विचारायला गेलं की लेखी अर्ज द्या म्हणतात. त्यामुळे कुठला शॉट कशासाठी घेतात हे मी व्हिडिओ बघून जेवढं शिकले, त्याहून जास्त अर्ज लिहिताना शिकले. खानदेशात राहून असलं काही करू बघणाऱ्यांसाठी ते घडलं तसं लिहून ठेवते.

मी अमळनेरच्या एका पतसंस्थेत कॅशला बसते. सिनेमाचं शिक्षण नाही. 2024 च्या भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा भाच्याला एक गोष्ट सांगितली. भाचा पारोळ्याकडे लग्नांचं शूटिंग करतो. गोष्ट एवढीच, की बाप कामाला सुरतेला निघालाय, पहाटे फाट्यावर त्याला गाडीत बसवून द्यायला त्याची माय आणि नऊ वर्षांची लेक आलीय, आणि गाडी यायला उशीर आहे. सुरत आमच्याकडे समजावून सांगावी लागत नाही. दर गल्लीतलं कुणी ना कुणी तिथे उधन्याला नाहीतर लिंबायतला असतंच. भाचा म्हणाला, "फुई (आत्या), करू ना मंग."

पहिली बैठक आमच्यात भांडणाचीच झाली. लग्नाच्या शूटिंगमध्ये घटना आपली आपण घडते आणि कॅमेरा तिच्या मागे पळतो. त्यामुळे ड्रोन वर गेला, गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, फिरलं, हळद लागताना स्लो मोशन आलं की काम झालं. गोष्टीत मात्र कुठून बघायचं हे कुणीतरी ठरवल्याशिवाय काही घडतच नाही. भाच्याचा हात पक्का, पण "हा शॉट कशाला?" म्हटलं की "भारी दिसतो" हे एकच उत्तर. मग मी दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर शॉट, त्यात काय दिसणार आणि तो कशासाठी. उजव्या पानावर त्याला काय काय लागणार: माणसं, सामान, उजेड, परवानगी. कोणी काही करणार असेल तर कॅमेऱ्याच्या आधी ही वही घ्या, बावन्न रुपयांत येते.

शॉटची नावं माणसाच्या अंगावरून पाठ होतात. डोक्यापासून पायापर्यंत माणूस आणि भोवतालची जागा दिसली की लाँग. त्याहून मागे गेलं, माणूस ठिपक्याएवढा राहिला की एक्स्ट्रीम लाँग. कमरेपासून वर मिड, छातीपासून वर मिड क्लोज, नुसता चेहरा क्लोजअप, आणि डोळा किंवा ओठ एवढंच असेल तर एक्स्ट्रीम क्लोजअप. चौकटीची कड गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यावर येऊ द्यायची नाही, नाहीतर माणूस तोडल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर कापलेलं चालतं. गुडघ्याच्या जरा वरून घेतलेल्या चौकटीला अमेरिकन शॉट म्हणतात. काउबॉयच्या कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून तो आला असं सांगतात. आम्हाला तो आजीच्या कनवटीच्या बटव्यासाठी उपयोगी पडला.

नावं एका संध्याकाळी पाठ झाली. कुठे काय वापरायचं याला महिना गेला. जवळ जाणं ही खर्च करायची गोष्ट आहे, असं माझं मत झालंय. पहिल्याच मिनिटाला क्लोजअप दिला तर पुढे, गाडीचा आवाज येतो तेव्हा, द्यायला काही उरत नाही. म्हणून आजीचा पहिला क्लोजअप आम्ही सातव्या मिनिटापर्यंत राखून ठेवला. तोवर ती लाँगमध्ये आणि मिडमध्ये. मिड शॉटला लोक सपक म्हणतात, पण त्यात हात दिसतात, आणि आमच्याकडच्या बाया बोलतात त्याहून जास्त हातांनी सांगतात. पदर सावरणं, भाकरीचं फडकं पुन्हापुन्हा बांधणं हे सगळं मिडमध्येच पकडता आलं.

नोव्हेंबरात रोज संध्याकाळी ओसरीवर मोबाइलने सराव केला. खाटेच्या एका टोकाला माझी वहिनी, दुसऱ्या टोकाला तिची सासू, म्हणजे माझी आई. दोघींच्या नजरेची एक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा 180 अंशांचा नियम. मुद्दाम रेघ ओलांडून घेतलं आणि जोडून बघितलं, तर सासू-सून दोघीही दाराकडे तोंड करून बसलेल्या आणि एकमेकींशी न बोलता दारातल्या कुणाशी तरी बोलतायत असं दिसलं. नियम वाचून जे कळत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात कळलं. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे असतील तर कॅमेरा निदान 30 अंश सरकवा किंवा चौकटीचा आकार ठळक बदला, हेही तिथेच दिसलं. थोडंसंच सरकलं की चित्र उडी मारतं.

मोबाइलवाल्यांसाठी एक सांगते. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद भिंगाचा असतो. त्याने तोंडाजवळ जाऊन क्लोजअप घेतला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. आई स्वतःला बघून म्हणाली, "मनं तोंड असं दिसस का व?" दोन पावलं मागे जा आणि दुप्पटवाला (2x) कॅमेरा लावा. आम्ही पुढे चेहऱ्यांसाठी 85 एमएमचं भिंग भाड्याने आणलं ते याच कारणाने. पाठीमागचं दादरचं, म्हणजे ज्वारीचं, शेतही त्यात छान विरघळतं.

मधल्या एका रविवारी चाळीसगावला जाऊन आले. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा माणूस 1989 साली वारला तोवर जवळजवळ सगळं आयुष्य त्या घरात राहिला, क्वचितच बाहेर पडला, आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून अशी छायाचित्रं काढत राहिला की ती भल्यामोठ्या मोकळ्या जागेची वाटावीत. परत येताना गाडीतच वही उघडली आणि घरात, ओट्यावर काय काय घेता येईल यावर खुणा केल्या. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळणारे हात, ठेच्याचा डबा, बटव्यातून काढलेली चुरगळलेली नोट. वस्तूचे असे जवळचे शॉट म्हणजे इन्सर्ट. त्यांना ऊन लागत नाही, गर्दी आवरावी लागत नाही, आणि कुणाचाही शिक्का लागत नाही.

शिक्क्यांचा खरा विषय मुलीचा होता. चौदा वर्षांखालचं मूल दृक्‌श्राव्य निर्मितीत घ्यायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हौशी लघुपटवाले हे बहुधा करत नाहीत. मलाही "कोण विचारतंय" असं सांगणारे भेटले. पण लेकरू दुसऱ्याचं, आणि मी पैशाच्या व्यवहारात बसणारी बाई, कागदाशिवाय झोप लागली नसती. नियम वाचले तर ते शहाणपणाचेच निघाले. मुलाने दिवसाला पाच तासांहून जास्त काम करायचं नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही. शाळा बुडू द्यायची नाही. मिळकतीतला निदान 20 टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचा. मुलीला आम्ही दोन हजार देणार होतो, त्याचे 20 टक्के चारशे. चारशेची एफडी करायला कुठल्या तोंडाने जायचं म्हणून पूर्ण दोन हजारांचीच केली. मी पतसंस्थेत नोकरीला असून एफडी दुसऱ्या बँकेत, यावर ऑफिसात आठवडाभर चेष्टा झाली.

अर्ज नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जळगावला दिला. सोबत नमुना क मधलं हमीपत्र, आईवडिलांचं संमतीपत्र, शाळेचा दाखला, जन्मदाखल्याची प्रत आणि गोष्टीचा सारांश. आवक शिक्का मारलेली स्थळप्रत मागून घ्या, पुढे सगळं तिच्यावर चालतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "ताई, मुलगी नेमकी किती वेळ कॅमेऱ्यापुढे राहणार?" माझ्याकडे वही होती. मुलगी असलेले शॉट मी लाल पेनाने खुणावलेले होते, त्याची झेरॉक्स जोडली. परवानगी हातात यायला महिना लागला. तो महिना वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात लाल खुणा कमी करायच्या मागे लागले.

इथे पॉइंट ऑफ व्ह्यू, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी बघितलेला शॉट, कामाला आला. गाडीची वाट बघणारी मोठी माणसं मुलीला कशी दिसतात? कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, साडेतीन-चार फुटांवर लावायचा आणि वर बघायचं. बापाचा हात, पिशवीचा बंद, आजीची हनुवटी. चित्र पूर्ण मुलीचं, पण मुलगी त्या वेळी घरी झोपलेली. पहाटेच्या थंडीतले निम्मे शॉट आम्ही असे तिच्याशिवाय घेतले. लो अँगल माणसाला मोठा, दरारा असलेला दाखवतो असं सगळे सांगतात, ते खरंच आहे. पण लेकराच्या उंचीवरून घेतला तर तोच माणूस मोठा दिसूनही आपला वाटतो. खालून कोण बघतंय यावर आहे ते.

बाकीच्या परवानग्या लवकर आटपल्या. मूळ गोष्टीत शेवट बस स्टँडवर होता. स्टँडच्या आवारात चित्रीकरण म्हटलं की एसटीच्या विभागीय कार्यालयाची परवानगी, शुल्क, गर्दी. वहीत उजवं पान भरून गेलं तेव्हा मी शेवट गावच्या फाट्यावर आणला, आणि गोष्ट त्याने सुधारलीच. ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दोन दिवसांत ना-हरकत दिली, वर "आमना गाव चांगला दखाडज्या" (आमचा गाव चांगला दाखवा) अशी तोंडी अट. पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि वाहतूक अडवणार नाही असं लिहून पत्र दिलं, त्याच्याही स्थळप्रतीवर शिक्का घेतला.

बैल वगळावा लागला. चित्रपटात जनावराकडून काम करून घ्यायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते, मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. माझ्या गोष्टीत बैल फक्त बांधावरून जाणार होता. मग घुंगरमाळेचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला आणि आवाज येताच आजी मान वळवते एवढंच घेतलं. प्रेक्षक विचारतात, "ते बैल कुणाचे होते?"

ड्रोनवर भाचा अडून बसला होता. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी सरकारचा डिजिटल स्काय हा ऑनलाइन नकाशा बघावा लागतो. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी हवी आणि धंद्यासाठी असेल तर उडवणाऱ्याचं प्रमाणपत्रही. आमचं गाव हिरव्यात होतं. तरी मी नको म्हटलं, कारण आकाशातून बघणारं आमच्या गोष्टीत कुणी नाही. हाय अँगल एकच हवा होता, अंगणातून तिघं निघतात तो. तो शेजारच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढून घेतला. धाब्याच्या घरांचं गाव असताना क्रेन कशाला? शेजारच्या काकू रोज सकाळी धाब्यावरूनच कोण कुठे निघालं ते बघतात, म्हणून ती नजर गावाची वाटली. हाय अँगलने माणसं लहान, एकटी दिसतात. तिथे तसंच हवं होतं.

चित्रीकरण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, सुट्ट्या जोडून. कॅमेरा आणि दोन भिंगं जळगावहून दिवसाला 2,500 रुपये भाड्याने. आवाजाचं यंत्र आणि कॉलर माइक 800. भाच्याच्या दिव्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत. सेटिंगचं एवढंच लक्षात ठेवा: आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक चौकटीला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. नाहीतर घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड फडफडतो. बाहेर उन्हात मात्र 1/50 ठेवलं की चित्र पांढरं फट्ट. भिंगावर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावावाच लागतो. आम्ही कमी-जास्त करता येणारा 1,400 ला घेतला. हिवाळ्यातसुद्धा अकरानंतर आमच्याकडचं ऊन चेहऱ्यावर कोळशाच्या सावल्या पाडतं. अकरा ते साडेतीन जेवण, झोप आणि घरातले इन्सर्ट.

रिवाज असा, की आधी मास्टर घ्यावा, म्हणजे पूर्ण प्रसंग एकाच रुंद चौकटीत, आणि मग जवळचे तुकडे. आम्ही उलट केलं. आजीचं काम करणाऱ्या बाई सत्तरीच्या, गल्लीतल्या भजनी मंडळातल्या. दहा वाजेपर्यंत ताज्या, नंतर थकत. म्हणून आधी त्यांचे क्लोजअप, मास्टर शेवटी, त्यात थकवा दिसला तरी शोभला. मात्र असं उलट करायचं तर पदर कोणत्या खांद्यावर, पिशवी कोणत्या हातात, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेच लागतात. त्यासाठी एक माणूस वेगळा नेमा. आमच्याकडे वहिनी होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

बाईंना अभिनय येत नाही, याची भीती त्यांनाच जास्त होती. ओव्हर द शोल्डर शॉटने ती निम्मी गेली. समोरच्याच्या खांद्यावरून घेतल्यावर बोलायला खरंच कुणीतरी समोर असतं. एकट्या क्लोजअपला मात्र समोर फक्त काच. तेव्हा मी त्यांना काही करू नका म्हणून सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलीशेजारी, एकदा एका बाईशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख, ओढ दिसली. हे मी बाईंना अहिराणीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मी बठीच ऱ्हास." बसून राहिल्या, रस्त्याकडे बघत. त्यांच्या त्या बघण्याला रिकामा रस्ता जोडला आहे. तो पूर्ण लघुपटातला सगळ्यात चांगला जोड.

शेवटची गाडी आम्ही दाखवलीच नाही. पहाटेचा निळा उजेड वीसेक मिनिटं टिकतो आणि खऱ्या गाडीने तेव्हाच यावं यासाठी अर्ज कुठे करणार? भाच्याच्या मित्राने त्याचा छोटा हत्ती टेम्पो दूरवरून सावकाश आणला, त्याच्या दिव्यांचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर वाढत गेला. इंजिनाचा आणि दाराचा आवाज नंतर खऱ्या एसटीचा घातला. आवाज घेताना प्रत्येक जागेची अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता पण रेकॉर्ड करा. संकलनात तुकडे सांधायला तीच उपयोगी पडते. आमच्या शांततेत लांबची पिठाची गिरणी आहे, ती राहू दिली.

संकलन फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री, डाविंची रिझॉल्व्ह या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. शंभराच्या वर शॉट लिहिले होते, त्यातले साठच्या आसपास राहिले. भाच्याचे दोन सुंदर ट्रॅकिंग शॉट, म्हणजे माणसासोबत कॅमेरा चालतो ते, गेले. तो अजून फुगलेला आहे. अहिराणीला मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं केली. क्लोजअपमध्ये खाली जागा सोडलेली नसेल तर दोन ओळींची अक्षरं थेट हनुवटीवर बसतात. हे चित्रीकरणाआधी माहीत असेल तर बरं, म्हणून सांगितलं.

सगळा खर्च 31 हजारांच्या आत बसला, त्यात सगळ्यात मोठा आकडा जेवणाचा. युट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरात किंवा इतर सार्वजनिक प्रदर्शनाला 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली ते लागतं. आम्ही सध्या दोन महोत्सवांना प्रवेशिका भरल्यात, दोन्हीकडे ऑनलाइन फी होती, आणि दोन्हीकडे लघुपट आधी इंटरनेटवर आलेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे गल्लीतल्या कुणालाच अजून लिंक दिलेली नाही. भजनी मंडळाला मात्र एका एकादशीला भाच्याच्या लॅपटॉपवर दाखवला. बाईंनी स्वतःचा क्लोजअप बघितला आणि दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो तिथे मी डोळे का नाही मिटले म्हणून मलाच जाब विचारला.